रिव्ह्यूत सगळे 'हो सर' म्हणतात, मग काम अडतं कुठे?

चाकणकर

मंडळी,

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या एका मध्यम कारखान्यात प्रॉडक्शन बघतो. वाहन कंपन्यांना मशीनिंग केलेले पार्ट पुरवतो आम्ही. कंपनीचं नाव सांगत नाही, समजून घ्या.

रोज सकाळी फळ्यासमोर उभ्याउभ्या मिटिंग होते. मेन्टेनन्स, क्वालिटी, टूलरूम, पर्चेस, शिफ्टचे सुपरवायझर, सगळे हजर. मुद्दा निघतो, कोणीतरी "बघून घेतो सर" म्हणतं, मिनिट्समध्ये "संबंधितांनी कार्यवाही करावी" छाप ओळ पडते. आठवड्याने तोच मुद्दा, तेच चेहरे. मेन्टेनन्स म्हणतं स्पेअर आलं नाही. पर्चेस म्हणतं इंडेंट (मागणीपत्र) उशिरा मिळाला. स्टोअर म्हणतं कोड चुकीचा टाकला होता. गंमत म्हणजे तिघंही खरं बोलत असतात.

ताजं उदाहरण. एका फिक्स्चरची (मशीनवर पार्ट पकडून ठेवणाऱ्या साच्याची) लोकेटिंग पिन, म्हणजे पार्ट नेमका जागेवर बसवणारी खुंटी, झिजली. बोअरची (पार्टमधल्या भोकाची) पोझिशन हळूहळू बाहेर जायला लागली आणि माल कस्टमरच्या लाइनवर जाऊन सापडला. तक्रार आली, एटडी रिपोर्ट (कस्टमरला मूळ कारण आणि उपाय कळवायचा ठरावीक अहवाल) भरला गेला. मूळ कारण: ऑपरेटरचे दुर्लक्ष. उपाय: ऑपरेटरला समज दिली व प्रशिक्षण दिले. मशीनवरचा पोरगा कंत्राटी होता, त्याला पुढे कामावर घेतलं नाही. पिन अजून तीच आहे.

आता व्यवस्थापनाने 'अकाउंटेबिलिटी' या विषयावर एक दिवसाची कार्यशाळा ठेवली आहे. हॉटेलात, जेवणासकट. जेवण चांगलं असेल याबद्दल शंका नाही.

मला एवढंच हवंय की मॅनेजर असो की त्याच्या हाताखालचा माणूस, त्याने आपणहून म्हणावं, "हे माझ्याकडे, अमुक तारखेला देतो, अडलं तर आधी सांगतो." ही सवय कशी लागते? पुस्तकी उत्तरं नकोत. तुमच्या क्षेत्रात काय चालतं ते लिहा.

तिरकस_आळंदीकर

पहिला!

"मूळ कारण: ऑपरेटरचे दुर्लक्ष" हे वाक्य पुणे जिल्ह्यात रबरी शिक्क्यावर करून घ्यायला हरकत नाही, टायपिंग वाचेल. मी पंधराएक कारखान्यांत ऑडिटला फिरलोय, बहुतेक ठिकाणी वाचलंय.

एक विचारतो. पिन झिजल्याचं त्या पोराने कोणाला सांगितलं होतं का?

चाकणकर

सांगितलं होतं. शिफ्ट लॉगबुकात त्याच्या अक्षरात "पिन लूज" अशी नोंद आहे. खाली सुपरवायझरची सही.

तिरकस_आळंदीकर

घ्या! म्हणजे साखळीतल्या ज्या एकाच माणसाने आपलं काम केलं तोच घरी गेला. बाकीच्यांनी यातून काय धडा घ्यायचा? लॉगबुकात लिहू नये, एवढाच. कार्यशाळा रद्द करून तेवढ्या पैशात पिना आणा.

सेमीकोलन

मी आयटीवाली, हिंजवडी. आमच्याकडचं एक जाहीर प्रकरण सांगते, सगळा तपशील त्या कंपनीनेच प्रसिद्ध केलेला आहे.

गिटलॅब. जगभरचे प्रोग्रामर आपला कोड जिथे ठेवतात त्यांपैकी एक. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांचा एक इंजिनिअर डेटाबेसची दुसरी प्रत मागे पडली होती ती सारखी करायच्या खटपटीत होता. बराच उशीर झालेला, माणूस दमलेला. दुय्यम सर्व्हरवर चालवायची पुसण्याची कमांड त्याने मुख्य सर्व्हरवर चालवली. क्षणात लक्षात आलं, थांबवली, पण सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच्या आसपास उरलं.

बॅकअप काढायला गेले तर एकेक दार बंद. रोजचा बॅकअप कधीपासून अपयशी होत होता, कारण बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर जुन्या आवृत्तीचं होतं आणि डेटाबेस नव्या. अपयश आलं की ईमेल जायचा, पण तो ईमेल समोरचा मेल सर्व्हर नाकारत होता, म्हणून कोणाला पत्ताच नाही. शेवटी सहाएक तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत सापडली, आणि ती घेतलेली होती त्याच इंजिनिअरने! तिच्यावरून साइट उभी केली. मधल्या सहा तासांतला डेटा गेला तो गेलाच.

आता बघा, त्याला काढून टाकणं किती सोपं होतं. एटडीच्या भाषेत "इंजिनिअरचे दुर्लक्ष", विषय संपला. त्यांनी काय केलं? दुरुस्ती चालू असताना नोंदी सगळ्या जगासाठी उघड्या ठेवल्या. नंतरच्या अहवालात त्याचा उल्लेख फक्त "टीम मेंबर १". आणि "का?" असं खोदत खोदत गेले. साइट का पडली? बॅकअप का नव्हता? बॅकअप चालतो की नाही हे कोणी तपासत का नव्हतं? शेवटचं उत्तर असं की ते तपासण्याचं काम कोणाच्याच नावावर नव्हतं.

चाकणकर, तुमची पिन हा हुबेहूब तोच प्रकार आहे. पिन किती झिजली की बदलायची, आणि ते कोणी बघायचं, हे कोणाच्या नावावर होतं?

चाकणकर

प्रिव्हेंटिव्ह मेन्टेनन्सच्या यादीत मशीन आहे, फिक्स्चर नाही. फिक्स्चर टूलरूमचं असं मेन्टेनन्स मानतं. टूलरूमच्या मते फिक्स्चर बनवून दिलं की ते प्रॉडक्शनचं. प्रॉडक्शन म्हणजे मी.

शिरोलीचा_मालक

कोल्हापुरातनं लिहितोय. शिरोलीत फौंड्री हाय आमची.

सेमीकोलन ताई, ऐकायला ब्येस वाटतंय, पर एक सांगा, असं नाव न घेता चालवायचं म्हटलं तर उद्या कोणपण कायपण करंल आणि म्हणंल सिस्टिमचा दोष. माझ्याकडं मेल्टिंगला एकानं टेम्परेचर न बघता मेटल ओतलं. आख्खी हीट (भट्टीची एक खेप) रिजेक्ट. त्याला चहा पाजू काय?

सेमीकोलन

मालक, नाव काढायचं नाही असं मी म्हटलंच नाही. आमच्या अहवालात प्रत्येक उपायापुढे एका माणसाचं नाव आणि तारीख असते. "टीम" असं लिहिलं तर मॅनेजर परत पाठवतात. चूक कोणाच्या हातून झाली याला महत्त्व कमी, ती पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं आणि ते कोण करणार याला जास्त.

चहाचं हँगर काकांना विचारा, ते इथेच कुठेतरी असतील.

हँगर_काका

आहे, आहे. नातवाला शाळेतून आणून आत्ताच बसलो.

विमान दुरुस्तीत आयुष्य गेलं, सांताक्रूझला. आमच्या धंद्यात सगळं सहीवर चालतं. काम संपलं की परवानाधारक इंजिनिअर सही करतो, ती झाल्याशिवाय विमान जागचं हलत नाही. आणि ती सही 'मेन्टेनन्स डिपार्टमेंट'ची नसते, माणसाची असते, त्याच्या परवाना क्रमांकासकट. पुढे काही झालं तर तो कागद निघतो.

पण इथे लोकांची एक गफलत होते. सही म्हणजे फक्त मान अडकवणं, असं त्यांना वाटतं. त्या सहीत 'नाही' म्हणण्याचा अधिकारही असतो. मी सही केली नाही तर स्टेशन मॅनेजर, ऑपरेशन्स, कोणी कितीही वर-खाली झालं तरी त्यांना माझ्या जागी सही करता येत नाही. दबाव येतो, नाही असं नाही. सणासुदीला, पाऊस लागलेला, प्रवासी ताटकळलेले, तेव्हा फोनवरचा आवाज चढतो. तरी फोनवरून सही होत नाही.

दुसरं, तारखा. विमानातली एखादी छोटी वस्तू बंद असताना उडता येईल की नाही हे आधीच छापलेल्या यादीत बघायचं. एमईएल म्हणतात तिला. किती दिवसांत दुरुस्त करायचं हेही ठरलेलं: 'बी' वर्गाची गोष्ट ३ दिवसांत, 'सी' १०, 'डी' १२०. ("ए" वर्गाची मुदत त्या त्या नोंदीपुढेच लिहिलेली असते.) प्रत्येक वेळी मिटिंग घेऊन "लवकरात लवकर" ठरवायची भानगडच नाही. चाकणकर, तुमच्या फिक्स्चरला असे वर्ग लावून बघा. मशीन बंद करायचं की चालू ठेवून तीन दिवसांत पिन बदलायची, हे पिन झिजायच्या आधी ठरवायचं, झिजल्यावर नाही.

आता शिरोलीकरांचा प्रश्न. हात चुकला, एक. सगळेच मारतात तो शॉर्टकट त्यानेही मारला, दोन. नियम माहीत असून, परिणाम माहीत असून बेफिकिरीने केलं, तीन. तिसऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, तिथे दयामाया नको. पहिल्याला शिक्षा करून काही मिळत नाही, हात उद्या दुसऱ्याचा चुकेल. सगळी डोकेदुखी दुसऱ्यात. तुमच्या माणसाने टेम्परेचर बघितलं नाही, ते बाकीच्या पाळ्यांत बघतात का? जाऊन बघा एकदा, न सांगता. आणि हो, चूक दडवणं हा आमच्याकडे सगळ्यात मोठा गुन्हा. हरवलेला पाना "मिळाला" म्हणून खोटं सांगणारा माणूस मला हँगरमध्ये नको.

शिरोलीचा_मालक

बघतो काका. रातपाळीला जाऊन बघायला पायजे.

रातपाळी

मी नर्स आहे, नाशिक. काकांनी दडवण्याबद्दल लिहिलं म्हणून लिहितेय.

औषध देताना काही चूक झाली, किंवा होता होता राहिली, तर इन्सिडेंट रिपोर्ट भरायचा असतो. एनएबीएच हे हॉस्पिटलांच्या दर्जाचं मानांकन हवं असेल तर ही पद्धत असावीच लागते, म्हणून फॉर्म सगळीकडे असतात. मी आधी जिथे होते तिथे फॉर्म भरला की दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावणं यायचं आणि भरणारीलाच लेखी खुलासा मागायचे. परिणाम? महिनाच्या महिना एकही फॉर्म नाही. मॅनेजमेंटच्या स्लाइडवर मोठ्ठा शून्य, शेजारी हिरवी खूण, आणि टाळ्या.

पुढे मेट्रन बदलल्या. नव्या मॅडमचा पहिला प्रश्न असायचा, "त्या पाळीला तुझ्याकडे किती पेशंट होते?" दुसरा, "औषध कपाटात कुठे होतं?" असं विचारल्यावर माणूस बोलतं हो. फॉर्म धडाधड यायला लागले. मग वर गदारोळ, चुका वाढल्या म्हणून! मॅडमनी शांतपणे सांगितलं, चुका तेवढ्याच आहेत, आता दिसायला लागल्यात.

हे फक्त माझं म्हणणं नाही. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या औषधांच्या चुकांवर अभ्यास केला होता. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील अशी अपेक्षा, आणि आकडे उलटे निघाले. खोलात गेल्यावर दिसलं की त्या वॉर्डात लोक मोकळेपणाने चुका सांगत होते.

त्या फॉर्ममधूनच आमच्याकडे एक मोठी गोष्ट झाली. पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र अँप्युल वॉर्डच्या कपाटातून उचलून फार्मसीत नेले. ते थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं, आणि अँप्युल दिसायला इतर चार अँप्युलांसारखे. "लक्ष देऊन काम करा" अशा सूचना आधी कितीदा भिंतीवर लागल्या होत्या, त्यांचा काय उपयोग झाला ते आम्हालाच माहीत. कपाट रिकामं झालं आणि रात्रीची धास्ती गेली.

निळासागर

इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष सतीश धवन सरांचं उदाहरण आठवलं. १० ऑगस्ट १९७९ ला एसएलव्ही-३ या उपग्रह सोडणाऱ्या यानाचं पहिलं उड्डाण फसलं, यान बंगालच्या उपसागरात पडलं. प्रकल्पप्रमुख होते कलाम, पण पत्रकारांसमोर धवन स्वतः गेले आणि अपयश स्वतःच्या अंगावर घेतलं. १८ जुलै १९८० ला उड्डाण यशस्वी झालं तेव्हा पत्रकार परिषदेला कलामांना पुढे केलं. नेता असावा तर असा!

तिरकस_आळंदीकर

आलं का व्हॉट्सॲप. 😀

गोष्ट खरी आहे, कलामांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे, धवनांबद्दल आदरच आहे. पण ती नेहमी अर्धीच सांगतात आणि कार्यशाळेतल्या स्लाइडवर ती असणार हे लिहून ठेवा. त्या दोन पत्रकार परिषदांमध्ये अकरा महिने होते. त्या काळात काय झालं? उड्डाणाचा डेटा तपासला, दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतून आम्ल गळाल्याचं शोधून काढलं, दुरुस्त केलं. बाहेर बॉसने ढाल धरली, आत कोणालाही सूट नव्हती. आमच्या साहेबलोकांना यातला एकच भाग आवडतो. कोणता ते सांगायला नको. बहुतेकांना तोही झेपत नाही, कस्टमरसमोर आधी ऑपरेटरचं नाव निघतं.

निळासागर

मान्य. आतल्या तपासणीचा भाग लिहायला हवा होता. व्हॉट्सॲप मात्र नाही हं, आमच्या वडिलांकडून ऐकलेलं आहे.

मिशिगनकर

इथे डेट्रॉइटजवळ वाहन उद्योगातच आहे. रातपाळी ताईंच्या हिरव्या खुणेवरून फोर्डची गोष्ट. २००६ मध्ये ॲलन मुलाली बोइंगमधून फोर्डचे प्रमुख म्हणून आले. दर आठवड्याला सगळ्या विभागप्रमुखांची बैठक, प्रत्येक कामाला हिरवा-पिवळा-लाल रंग. त्या वर्षी कंपनीला १२ अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला, आणि तक्ते सगळे हिरवेगार. मग एका बैठकीत मार्क फील्ड्स यांनी एज या गाडीचं लाँच लाल दाखवलं, मागच्या दाराच्या भागात अडचण होती. खोलीत सन्नाटा. मुलालींनी टाळ्या वाजवल्या आणि याला कोण मदत करू शकतं असं विचारलं. नंतरच्या बैठकांत तक्ते रंगीबेरंगी व्हायला लागले.

टोयोटाची दोरी तुम्हाला माहीत असेलच, अँडॉन. लोकांना वाटतं कामगाराने दोरी ओढली की लाइन खाडकन थांबते. तसं नाही. ओढली की दिवा लागतो, सूर वाजतो आणि टीम लीडर धावत येतो. गाडी त्या स्टेशनच्या शेवटच्या खुणेपर्यंत पोहोचेपर्यंत अडचण सुटली तर लाइन थांबतच नाही, नाही सुटली तरच थांबते. माझ्या मते त्या दोरीने कामगारापेक्षा टीम लीडरला जास्त बांधलंय. लॉगबुकात "पिन लूज" लिहिलं तर सुपरवायझर सही करून पुढे जाऊ शकतो. दोरी ओढल्यावर त्याला तिथे जाऊन उभंच राहावं लागतं, आणि तो गेला की नाही हे आख्ख्या लाइनला दिसतं.

चाकणकर

दोरीचा मुद्दा लागला. आमच्याकडे मशीनच्या डोक्यावर तासाला किती नग झाले त्याचा आकडा चमकतो. पिन लूज म्हणून मशीन थांबवलं तर तो आकडा पडतो, आणि आकडा पडला की पहिला फोन मलाच येतो. त्या पोराने लिहून ठेवलं हेच विशेष.

टेबल_क्र_७

"संबंधितांनी कार्यवाही करावी" वाचून मन भरून आलं. महसूल खात्यात अव्वल कारकून आहे, मराठवाड्यात. तुम्ही खासगीवाले आम्हाला हसता आणि भाषा आमचीच वापरता!

जबाबदारी टाळायची कशी याचे आम्ही पदवीधर आहोत, त्यामुळे ती चिकटवायची कशी हेही आम्हालाच ठाऊक. गमतीत घ्या, पण पुढचं गंभीर आहे.

आमच्याकडे कायदा आहे. २००५ चा बदल्यांचा आणि विलंब प्रतिबंधाचा अधिनियम. सर्वसाधारणपणे कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहायची नाही. तातडीची चार दिवसांत, तत्काळची त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी. मग २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आला. दाखल्यांना मुदत, वेळेत मिळालं नाही तर पहिलं अपील, दुसरं अपील, नंतर आयोग, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड.

आता पळवाट सांगतो. सहाव्या दिवशी फाइलवर 'त्रुटी' काढायची. अमुक कागद जोडलेला नाही. फाइल परत. त्रुटी पूर्ण होऊन आली की घड्याळ पुन्हा शून्यापासून. मग दुसरी त्रुटी. कायदा पाळला, काम झालं नाही, आणि सगळ्या सह्या वेळेवर! तेव्हा चाकणकर, नुसती तारीख लावून भागणार नाही. सगळ्या त्रुटी एकदाच आणि पहिल्याच दिवशी, हा नियम आमच्या एका उपविभागीय अधिकाऱ्यांनी घातला तेव्हाच फरक पडला. तुमच्या पर्चेसने इंडेंट परत पाठवायचा असेल तर त्याच दिवशी पाठवावा. आठवड्याने "कोड चुकीचा" म्हणणं म्हणजे आमची त्रुटीच.

खरी उपयोगी गोष्ट मात्र कायद्याहून जुनी आहे: सहा गठ्ठे पद्धत. १९८० च्या दशकात नगरला जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयं सुधारायची मोहीम घेतली, 'लखिना पॅटर्न' नावाने राज्यभर गाजली. आमच्या पिढीला सहा गठ्ठे आणि लखिना हे एकाच दमात शिकवलं गेलं. टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत लावायचे. त्यातले अभिलेख कक्षाचे, नाश करायचे वगैरे तुमच्या कामाचे नाहीत. पहिले दोन बघा. प्रलंबित: ज्यावर मी काम करायचंय. प्रतीक्षाधीन: ज्यावर दुसऱ्याचं उत्तर यायचंय.

हे वेगळे केले की टेबलाचा चेहरामोहरा बदलतो. मिसळलेले असतात तेव्हा प्रत्येक कारकून म्हणतो, "साहेब, दुसरीकडे अडलंय." वेगळे केले की दिसतं, प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात चाळीस कागद आणि स्मरणपत्र एकालाही नाही. म्हणजे अडलंय दुसरीकडे, पण विचारलंय कोणी? प्रतीक्षाधीन कागदाचा पाठपुरावा ज्याच्या टेबलावर तो आहे त्याचाच. तुमच्या मेन्टेनन्सवाल्याचं "स्पेअर आलं नाही" हे प्रतीक्षाधीन आहे. शेवटचं स्मरणपत्र कधी पाठवलं ते विचारा.

सेमीकोलन

टेबल_क्र_७, वाखु (वाचनखूण) साठवली. आमच्या महागड्या सॉफ्टवेअरमध्ये 'ब्लॉक्ड' नावाचा रकाना आहे, आणि त्यात टाकलेलं काम म्हणजे अंगावरून उतरलेलं काम असा सगळ्यांचा समज. उद्याच हे सांगते.

हँगर_काका

कारकून साहेबांनी त्रुटीचं अगदी खरं लिहिलं. माझं एक टोक राहिलं. चाकणकर, तुमच्या टीमने तुम्हाला दिलेले शब्द फळ्यावर असतील. तुम्ही टीमला दिलेले कुठे आहेत?

चाकणकर

कुठेच नाहीत काका.

सगळ्यांचं वाचून कामावर काही बदल सुरू केलेत, ते लिहितो.

फळ्याचे दोन भाग केले. डावीकडे 'माझ्याकडे', उजवीकडे 'वाट बघतोय'. उजवीकडच्या ओळीत कोणाची वाट बघतोय त्याचं नाव आणि शेवटचं कधी विचारलं ती तारीख. खात्याचं नाव चालणार नाही, माणसाचंच. पहिल्याच दिवशी उजवी बाजू भरली आणि अर्ध्या ओळींत शेवटची तारीख टाकता येईना. कोणी ओरडलं नाही, मीही नाही. दुपारपर्यंत पर्चेसला इतके फोन गेले की पर्चेसवाला माझ्याकडे तक्रार घेऊन आला.

फिक्स्चरची मालकी टूलरूमच्या एका माणसाच्या नावावर केली. त्याची अट होती की महिन्यातून एकदा फिक्स्चर दोन तास त्याच्या ताब्यात मिळावं, नग पडले तरी. ती अट मी लेखी मान्य केली, नाहीतर काका म्हणतात तसा सहीचा नुसता फास झाला असता. पिन बदलली. झीज तपासायला गो/नो-गो गेज (माप चालेल की नाही एवढंच सांगणारं साधन) करून घेतोय, म्हणजे पाळीच्या सुरुवातीला ऑपरेटरच बघेल, आणि नो-गो लागलं तर मशीन थांबवायचा अधिकार त्याचा. त्या थांबण्याचे नग त्याच्या आकड्यातून वजा धरायचे नाहीत, हे प्लांटहेडकडून मंजूर करून घ्यायला जरा घासाघीस करावी लागली.

लॉगबुकाबद्दल: सुपरवायझरने आता नुसती सही करायची नाही. नोंदीपुढे "काय केलं" किंवा "कोणाला, किती वाजता कळवलं" लिहायचं.

तिरकस_आळंदीकर

आणि तो पोरगा?

चाकणकर

कंत्राटदाराशी बोललो. तो आता रांजणगावला दुसरीकडे लागलाय, परत यायला तयार नाही. कस्टमरकडे एटडी दुरुस्त करून पाठवलाय. मूळ कारणात आता फिक्स्चर तपासणीला मालक नसल्याचं लिहिलंय, आणि ऑपरेटरची नोंद पुरावा म्हणून जोडली आहे. आमच्या क्वालिटी हेडला ते रुचलं नाही. त्याचं म्हणणं, कस्टमरला एवढं खरं कळवायची गरज काय.

तिरकस_आळंदीकर

कस्टमर काय म्हणाला?

चाकणकर

हाच प्रकार इतर किती फिक्स्चरवर आहे, त्याची यादी मागितली. म्हणजे काम वाढलं. पण पहिल्यांदाच एटडी एका झटक्यात बंद न होता कोणीतरी वाचला, असं वाटलं.

रातपाळी

आणि तुमचे स्वतःचे शब्द? काकांचा प्रश्न राहिला की.

चाकणकर

फळ्याच्या वरच्या पट्टीत माझ्या आणि प्लांटहेडच्या नावापुढे ओळी आहेत. माझ्या: कूलंटचा वास येतो त्या बेच्या एक्झॉस्टचा प्रस्ताव, आणि दुसऱ्या पाळीच्या जेवणाची वेळ. प्लांटहेडची: गेजच्या खर्चाची मंजुरी. नाव लिहायला त्यांनी आधी नकार दिला, मग म्हणाले लिहा पण तारीख नको. मी म्हटलं, तारीख मी घालत नाही साहेब, मिटिंगमध्ये विचारतो, तुम्ही सांगाल ती सुपरवायझर लिहील. सगळ्यांसमोर विचारल्यावर त्यांनी पुढचा शुक्रवार सांगितला.

टेबल_क्र_७

शुक्रवारी मंजुरी आली नाही तर ओळ पुसू नका. तारखेवर काट मारून शेजारी नवी तारीख घाला, जुनी वाचता यायला हवी. नोटशीटमध्ये आम्ही तेच करतो. खाडाखोड दिसली की वरच्यांना आपोआप आठवतं.

शिरोलीचा_मालक

रातपाळीला जाऊन आलो ओ काका. तिन्ही भट्ट्यांवर कोणीच टेम्परेचर बघत न्हाई. पायरोमीटरची (टेम्परेचर मोजायच्या यंत्राची) टीपच संपलेली, स्टोअरला मागणी दिल्याली हाय आणि ती माझ्याच टेबलावर सहीला पडलीय. केली सही.

तिरकस_आळंदीकर

मालक, तारीख टाकली का सहीखाली?